उसना श्वास

बाई समोरच्या माणसाचा श्वास घ्यायच्या. म्हणजे नेमकं काय, हे मला पहिल्या भेटीत कळलं नव्हतं. फक्त अंगावर काटा आला होता. त्यांच्या किहीमच्या घराच्या ओट्यावर बसून मी माझी ओळख करून देत होते. मी अलिबागला शाळेत शिकवते, आता समुपदेशनाचा अभ्यासक्रम करतेय, प्रत्यक्ष कामासाठी कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली राहावं लागतं, असं काहीबाही. बोलता बोलता मला वाटलं, माझ्यासारखंच घाईघाईनं, वरच्यावर श्वास घेणारं आणखी कुणीतरी ओट्यावर आहे. पाहिलं तर बाईच. डोळे अर्धवट मिटलेले, एक हात गळ्याखाली ठेवलेला आणि छाती अगदी माझ्या छातीबरोबर वरखाली होत असलेली. मी दचकून थांबले. त्या थांबल्या. मी आवंढा गिळला. त्यांनीही गिळला.

"येताना कुणाशी तरी वाजलंय तुझं," त्या म्हणाल्या. "आणि ते अजून संपलेलं नाही."

सकाळी निघताना नवऱ्याशी खरंच वाजलं होतं. मी कसंनुसं हसले. बाई हसल्या नाहीत. "पुढच्या शनिवारपासून ये," एवढंच म्हणाल्या आणि उठून न्हाणीत तोंड धुवायला गेल्या. माझं काही त्यांच्या तोंडाला लागलं असावं आणि ते धुऊन टाकायचं असावं, तशा.

त्यांचं अख्खं आयुष्य मनोरुग्णालयात समाजसेविका म्हणून गेलं होतं. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्या किहीमला नारळाच्या वाडीतलं एक घर भाड्यानं घेऊन राहिल्या. आजूबाजूला मुंबईकरांचे बंगले. शनिवार-रविवारी तिथं गाणी वाजायची, मांस भाजल्याचा वास यायचा. सोमवारी सगळ्या खिडक्या बंद व्हायच्या आणि झावळ्यांची सळसळ तेवढी उरायची. त्या रिकाम्या बंगल्यांच्या मधोमध बाईंचं कौलारू घर. त्या घरात आरसा नव्हता. न्हाणीतसुद्धा नाही. मी एकदा केस नीट करायला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "दिवसभरात इतकी माणसं या तोंडावर येऊन जातात. त्यातलं कोण मागे राहिलंय, ते मला बघायचं नाहीये."

ही थट्टा होती की नाही, ते त्यांच्या बाबतीत कधीच समजायचं नाही.

गावातली माणसं त्यांच्याशी नीट वागायची, पण जवळ यायची नाहीत. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून निघून जायचा. मी एकदा त्याला फाटकाशीच गाठलं, तर दबक्या आवाजात म्हणाला, "बाईंचा तसा कुनाला तरास न्हाय. पन त्या समोर आल्या ना, की आपला सास आपला राहत न्हाय."

शिकवणं म्हणाल, तर बाई शिकवायच्याच नाहीत. मी गेले की सुपात वालाच्या शेंगा ओतायच्या आणि म्हणायच्या, "सोल." शेंगा सोलता सोलता मी त्या आठवड्यात भेटलेल्या माणसांबद्दल सांगायचं. लिहून आणलेलं चालायचं नाही. "लिहिलंस की माणूस कागदावर गेला. समोर कोण उरलं मग?" माझ्या पुस्तकांत सहानुभूती वेगळी, समानुभूती वेगळी, त्यांच्या व्याख्या वेगळ्या. बाई ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "ते सगळं ठीक. तो बोलत असताना तुझ्या पोटात काय होत होतं?" मला सांगता यायचं नाही. मग त्या स्वतःच तो माणूस व्हायच्या. पाठीला पोक यायचं, मान एका बाजूला जायची, आवाज बदलायचा. मी सांगितलं नव्हतं तेही बोलायच्या. एकदा दारूच्या व्यसनाबद्दल भेटायला येणाऱ्या एका गृहस्थाचं त्यांनी असं केलं आणि मधेच म्हणाल्या, "आमच्या बाबांनी कुत्रं बांधायची साखळी वापरली होती." पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थानं माझ्यासमोर बसून हेच वाक्य म्हटलं. साखळीसकट.

बाईंना हे सांगितलं, तर त्या वाल सोलत राहिल्या. "तूच आणलं होतंस ते. तुला दिसलं नव्हतं, एवढंच."

एकदा आम्ही दोघी मुरूडकडच्या एका शाळेत कार्यक्रमाला निघालो होतो. एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. आमच्या पुढच्या बाकावर तिशीतला एक माणूस, मांडीवर पिशवी. काशीद मागे पडलं तेव्हा मला जाणवलं, की बाईंचा श्वास बदललाय. एक श्वास आत, मग बराच वेळ काहीच नाही, मग उसासा. ओठ पांढुरके झाले होते. मी हात लावला तर हात गार.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

त्या उठल्या, पुढच्या बाकावर त्या माणसाशेजारी जाऊन बसल्या आणि भाजीचा भाव विचारावा तितक्या सरळ आवाजात म्हणाल्या, "जीव द्यायला निघालायस का रे?"

कंडक्टर मागे वळून बघायला लागला. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. आता हा माणूस ओरडेल, शिव्या देईल, असं वाटलं. तो ओरडला नाही. मांडीवरची पिशवी बाजूला ठेवून बाईंकडे वळला.

"तुमाला कोनी सांगितला?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. कुठे उतरणार होतास?"

"आगरदांड्याला. तरीच्या बोटीवर चढनार होतो." आणि थोडं थांबून, "उतरनार न्हवतो."

शाळेतला कार्यक्रम राहिला. आम्ही त्याच्याबरोबर आगरदांड्याला उतरलो. जेट्टीवर टपरीशी बसून बाईंनी त्याला चहा पाजला, काय झालंय ते विचारलं, आणि मुख्य म्हणजे ऐकलं. त्याचा भाऊ पलीकडे दिघीला राहत होता. त्याला फोन लावला. तो पुढच्याच फेरीबोटीनं आला आणि भावाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, घरात कुणी त्याच्यासोबत राहायचं, हे सगळं बाईंनी त्या भावाला दोनदा म्हणायला लावलं. इथपर्यंत सगळं छान झालं. मला शिकायला मिळालं, की हा प्रश्न विचारल्यानं कुणी मरत नाही. उलट आपण कुणालातरी दिसलो, एवढ्यावरच माणूस थांबतो.

पण ते दोघे गेल्यावर बाई जेट्टीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. खांदे त्या माणसासारखे पडलेले. एक श्वास आत, मग बराच वेळ काहीच नाही. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं आणि त्याच्याच आवाजात मला म्हणाल्या, "तुमाला कोनी सांगितला?"

मी त्यांना दंडाला धरून टपरीपर्यंत ओढत आणलं. तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं त्या नेहमीसारख्या बोलायला लागल्या आणि शाळेला फोन करून दिलगिरी कळवायला मला सांगितलं.

आता काकींबद्दल सांगते. खाडीलगतच्या एका गावाच्या आरोग्य उपकेंद्रात मी आठवड्यातून एकदा बसायचे. तिथं काकींना त्यांचे दीर घेऊन आले. पूर्वी घरची मिठागरं होती. आता ती पडीक, आणि दीर-पुतण्यांचे ट्रक चालतात. काकी विधवा, त्यांना एकच मुलगी. तिचं नाव बदलून दर्शना म्हणते. ती दोन-तीन वर्षं नवी मुंबईत कामाला होती, खोली घेऊन राहायची. मग सगळं सोडून घरी परत आली. ती यायच्या थोडंच आधी काकी पुतण्याच्या मोटारसायकलवरून पडल्या होत्या, डोक्याला टाके पडले होते. दीर म्हणाले, "पोर आली तवापासून ही तिला घरात घ्यायला तयार न्हाय. तुमी जरा समजवा."

काकी शांत होत्या. स्वच्छ लुगडं, कपाळ मोकळं, आवाजात कसलाही त्रागा नाही.

"ती माजी पोर न्हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे, तुमचं ऐकत नाही का?"

"ऐकते गो. सगला ऐकते. तोंड तेच हाय. आवाज तोच हाय. गल्यावर तील पन हाय. सगला बरोबर केलाय त्यांनी. पन ती न्हाय."

"कोणी केलंय?"

"ज्यांनी माजी नेली, त्यांनी."

बाहेर दुपारचं ऊन होतं, आणि उपकेंद्रातला पंखा चालू असूनही हवा हलत नव्हती. मी नवी होते. मला पुरावे द्यायची घाई झाली. पुढच्या वेळी दर्शनाचे शाळेतले फोटो मागवले, लहानपणच्या आठवणी तिला विचारल्या, तिनं सगळ्या बरोबर सांगितल्या. काकी माझ्याकडे कणवेनं बघत राहिल्या. "तुला पन फसवलाय," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी दर्शनाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. देखणी, शांत मुलगी. मी हसले तर ती हसली, पण ते हसू ओठांवर जरा उशिरा पोचलं. कुणीतरी आतून सांगितल्यावर हसावं तसं. पापण्या फार वेळ लवत नव्हत्या. आणि मला वाटून गेलं, की काकी म्हणतात त्यात काहीतरी आहे. हे वाटणं मी तिथंच झटकलं, पण ते माझ्याबरोबर घरी आलं. रविवारी जेवणं झाल्यावर नवरा माझ्याकडे पाठ करून भांडी विसळत होता, शीळ घालत होता. आणि एकाएकी मला तो ओळखू येईना. पाठ तीच, शर्ट मीच आणलेला. पण हा कोण माणूस माझ्या स्वयंपाकघरात उभा आहे, असं इतकं लख्ख वाटलं, की मी भिंतीला धरून उभी राहिले. तो वळला, "काय गं?" म्हणाला.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शेंगा बाजूला ठेवल्या. "आलं का तुझ्याकडे? घरी जाऊन त्याच्याशी कशावरून तरी कडकडून भांड. परक्या माणसाशी तसं भांडता येत नाही." मग आवाज बदलून विचारलं, "ती बाई त्या पोरीला काही करेल का?"

मी सांगितलं, की काकींनी दोनदा तिचे कपडे अंगणात फेकलेत. आणि गेल्या आठवड्यात कोयता घेऊन दारात बसल्या होत्या.

"मग हे नुसतं आपलं काम नाही. मेंदूला मार लागलाय, डॉक्टर हवा. उद्याच. कोयता आजच घरातून हलवायला सांग. आणि डॉक्टरांकडे जाऊन आले, की मला तिच्याकडे ने."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या. दर्शना तोवर काकांकडे झोपायला जायची. काकींचा राग हळूहळू उतरला, भीती उतरली, रात्रीची झोप लागायला लागली. मग दर्शना घरी आली. फक्त ते एक वाक्य जागचं हललं नाही. ती माजी पोर न्हाय.

बाई आल्या त्या भर दुपारी. खाडीची ओहोटी होती. चिखलाचा वास घरात भरलेला. काकी जमिनीवर बसल्या होत्या, बाई त्यांच्यासमोर बसल्या, गळ्याखाली हात ठेवला. दर्शना मागच्या पडवीत धुणं धूत होती. पंधरा-वीस श्वास होईपर्यंत दोन छात्या एकत्र वरखाली होत होत्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत बाईंचा चेहरा सैल पडून म्हातारा होत गेला.

"तुझी कशी होती?" बाईंनी विचारलं.

काकी चमकल्या. इतक्या महिन्यांत त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळे म्हणत होते, ही बघ, हीच ती. जी गेली तिच्यासाठी रडायलाही त्यांना जागा ठेवली नव्हती. काकी बोलायला लागल्या. माजी पोर भाजलेल्या सुकटीवर हात मारायची. माजी पोर झोपेत पाय टाकायची माज्या अंगावर. कामाला जाताना फाटकापासून तीनदा मागं फिरायची, काय तरी विसरलंय सांगून, विसरलेला काय नसायचा. बोलता बोलता त्या रडायला लागल्या, आणि मागच्या पडवीतला धोपटण्याचा आवाज थांबला.

बाई उठून मागे गेल्या. मी त्यांच्यामागून. दर्शना ओला कपडा हातात घेऊन दगडावर बसली होती.

"तुझी आई खोटं बोलत नाहीये," बाई तिला म्हणाल्या. "तिला दिसतंय ते सांगतेय. तुला काय वाटतं?"

मला वाटलं, आता ही पोर कोसळेल. तिनं कपडा पिळला, पुन्हा पिळला.

"मला पन वाटतं कधी कधी," ती म्हणाली. "मी तिथंच राहिलेय. इथं आली ती दुसरीच कोनतरी. सगल्यांनी मला लगेच वलखली. म्हनाले, बारीक झालीस. बस. आईनंच फक्त..."

नवी मुंबईत तिच्यावर काय गुदरलं होतं, ते तिनं नंतर पुष्कळ दिवस घेऊन मला सांगितलं. ते तिचं आहे. इथं लिहिणार नाही. पण त्या अख्ख्या गावात, काका-काकू, मैत्रिणी, मी, एवढ्या शहाण्या माणसांत, या मुलीच्या आत काहीतरी मेलंय हे एकट्या तिच्या आजारी आईला दिसलं होतं. तिनं त्याचा अर्थ भलताच लावला, एवढंच. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. माणूस जे सांगतो ते खरं नसेल, तरी कशाबद्दल तरी ते खरं असतं, आणि ते कशाबद्दल आहे हे कळेपर्यंत तोंड बंद ठेवून बसता आलं पाहिजे, हे मी त्या पडवीत उभं राहून शिकले.

परतताना आम्ही रिक्षात होतो. बाई बाहेर बघत होत्या. मी उत्साहात काहीतरी बोलत होते. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजही विसरलेले नाही. तीत ओळख नव्हतीच.

"तू मास्तरीन न्हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिला कुठं ठेवलाव?"

मी रिक्षा थांबवली. शेतघराच्या कुंपणाशी एक नळ होता, तिथं त्यांना नेलं. त्यांनी तोंड धुतलं, मान धुतली, कोपरापर्यंत हात धुतले. मी शेजारी उभी होते, आणि खरं सांगते, नळ बंद करून त्या कोण म्हणून वर बघतील याची मला भीती वाटत होती.

"मीच आहे," त्या म्हणाल्या. मग ओल्या तोंडानं तशाच उभ्या राहिल्या. "बहुतेक."

त्यानंतर त्यांनी मला शिकवणं थांबवलं. इतरांनाही. म्हणाल्या, "पूर्वी परत यायची वाट मला पाठ होती. आता मधेच कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं होतं." त्या पावसाळ्याआधी त्यांचा भाचा येऊन त्यांना सांगलीकडे घेऊन गेला. निघताना त्यांनी मला फोन करू नकोस म्हणून बजावलं. मी दोनदा केला, भाच्यानं उचलला. "मावशी बऱ्या आहेत, पण कुणाशी बोलत नाहीत. आवाज ऐकला तरी त्यांना त्रास होतो." फोनमध्ये मागे मोर, कोकिळा असं काहीतरी ओरडत होतं. भाचा म्हणाला, "पक्ष्यांचं चालतं त्यांना." किहीमचं घर आता शनिवार-रविवारसाठी भाड्यानं देतात. न्हाणीत मोठा आरसा लावलाय म्हणे.

माझं प्रमाणपत्र आलं. आता मी लोकांना भेटते, ऐकते, आणि कुणाचाही श्वास घेत नाही. मला ते येत नाही, आणि नाही येत तेच बरं.

काकींकडे मी जाऊन-येऊन असते. एके दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "ही पन कोनाची तरी लेक हाय गो. हिच्या आयेला पन कोनतरी दुसरीच देली असंल. तिनं तितं माज्या पोरीवर कोयता धरला तर?" त्या दिवसापासून त्यांनी दर्शनाच्या केसांना तेल लावायला सुरुवात केली.

परवा गेले, तर दोघी जेवायला बसत होत्या. दर्शना आता गावातच लहान मुलांच्या शिकवण्या घेते; तब्येत सुधारलीय, हसू वेळेवर येतं. मला आग्रहानं बसवलं. काकींनी दारात डोकावलेल्या शेजारणीला माझ्यासमोरच सांगितलं, "ही माजी दुसरी." आणि दर्शना त्यांना वाढताना म्हणाली, "मावशी, कालवण अजून घे."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजरेनंच सांगितलं, असू दे.

चौथं ताट भिंतीशी झाकून ठेवलं होतं. भात, सुकटीची चटणी. ते कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. जेवून काकी आतल्या खोलीत आडव्या झाल्या, थोड्या वेळात त्यांचा श्वास संथ झाला. दर्शनानं मला खूण करून थांबवलं. झाकलेलं ताट उचललं आणि पडवीत येऊन बसली.

"रोज ठेवते ती. आली तर उपाशी नको म्हनून," ती हळू आवाजात म्हणाली. "ती झोपली की मी खाते. आधी वाया जाईल म्हनून खायचे. आता... हे खाताना मला वाटतं, की मी घरी आले."

ती खायला लागली. सुकटीवर तिचा हात आधी पडला. मी शेजारी बसून राहिले. समोर खाडीला भरती लागली होती, पाणी आवाज न करता वर चढत होतं.

आतून काकींची हाक आली. झोपेतली, जड, पण अगदी स्पष्ट.

"दर्शना? आयलीस?"

एरवी या मुलीला काकी 'बाय' म्हणतात. तिच्या नावानं तिला कधीच हाक मारत नाहीत. दर्शनाचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे बघत, लहान पोरीच्या बारीक आवाजात म्हणाली,

"आयले, आये."

आत एक मोठा सुस्कारा ऐकू आला. मग कुशीवर वळल्याचा आवाज. दर्शनानं तो घास तोंडात घातला, आणि ताटातला शेवटचा भात संपेपर्यंत ती खात राहिली.